वाकडेपणाची सोय

वसईत कुणी जमिनीवर लाकूड अंथरायचं म्हणालं, की पहिला प्रश्न येतो वाळवीचा. दुसरा पावसाचा. तिसरा प्रश्न तोंडाने कुणी विचारत नाही, पण चेहऱ्यावर वाचता येतो. तिन्ही प्रश्न रास्त आहेत. जुलै २०१८ च्या पावसात वसई, नालासोपारा, विरार दिवसचे दिवस पाण्यात होती, लोकल बंद होत्या आणि तळमजल्यावरची मंडळी गाद्या, शेगडी आणि आजीला घेऊन वरच्या मजल्यांवर मुक्कामाला गेली होती. अशा गावात झोपायच्या खोलीला लाकडी जमीन करायचं मनात आणणं म्हणजे शेजाऱ्यांच्या करमणुकीला हातभार लावणं. आमच्या बाजूने बोलायला एकच मुद्दा होता. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो.

कारण साधं होतं. डिसेंबरात सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवले, की टाइलचा गारठा तळव्यातून थेट गुडघ्यात जातो. "अहो, एवढी एकच खोली करून टाकू," असं घरातून सुचवण्यात आलं. ज्यांनी संसार केलाय त्यांना कळेल, की ही सूचना नव्हती.

तसं लाकूड वसईला नवं नाही. फक्त पूर्वी ते जमिनीपर्यंत उतरायला तयार नसे. जुन्या घरांत खाली शेणाने सारवलेली जमीन, हातात पैसा आला की कोबा किंवा शहाबादी फरशी, आणि लाकूड राही वर, तुळयांत, तक्तपोशीत, माडीच्या फळ्यांत. त्या फळ्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना फटी आठवत असतील. वर कुणी चाललं की खालच्याच्या ताटात धूळ पडे आणि खाली कुणी बोललं की वरच्याच्या ज्ञानात भर पडे. लग्नाची बोलणी खाली चालू असताना मुलीला माडीवर पाठवत. ते तिच्या लाजेखातर, असं मानणाऱ्यांनी फटींचा विचार केलेला नसतो. पुढे मोझॅक आलं, मग दोन बाय दोनच्या पांढऱ्या विटरिफाइड टाइल्स आल्या, आणि आता नवघरपासून बोळिंजपर्यंत कुणाकडेही जा, पायाखाली तेच पांढरं.

वसईच्या किल्ल्यात हिंडताना मी अलीकडे वर बघत हिंडतो. भिंती उभ्या आहेत, कमानी उभ्या आहेत, मजले मात्र नाहीत. तुळया बसवायच्या खाचा तेवढ्या भिंतीत उरल्या आहेत. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये हा किल्ला घेतला. त्यांच्या थोरल्या भावाने पुण्यात शनिवारवाडा बांधला, त्याला जुन्नरच्या जंगलातलं सागवान आणलं, आणि त्यातलं बहुतेक लाकूडकाम १८२८ च्या आगीत गेलं. लाकडी मजला वसईत पाऊस खातो आणि पुण्यात आग, हा इतिहास मी जेवताना सांगून पाहिला. "आपल्याला वाडा नको, एकच खोली हवीय," असं उत्तर आलं आणि आमटी वाढण्यात आली.

आम्ही आणणार होतो ते सागवानही नव्हतं म्हणा. लॅमिनेट. लाकडाचे तंतू दाबून केलेला गाभा, त्यावर लाकडाचं छापील चित्र आणि चित्रावर झीज सोसणारा पारदर्शक थर. जाडी आठ मिलिमीटर. एक पट्टी १२१५ मिलिमीटर लांब, १९५ रुंद. बॉक्समध्ये आठ पट्ट्या, म्हणजे साधारण साडेवीस चौरस फूट. खिळा नाही, गोंद नाही. पट्टीच्या कडेची जीभ शेजारणीच्या खाचेत अडकवायची आणि सगळी जमीन फोमच्या पातळ थरावर मोकळी तरंगत ठेवायची. जुन्या टाइल्स उखडायच्याही नाहीत. दुकानदाराला हे सगळं तोंडपाठ होतं. मोजमापाबद्दल मात्र त्याला एकच आकडा हवा होता. "साहेब, तुम्ही स्क्वेअर फूट बोला, मी बॉक्स बोलतो."

इथेच माझं त्याच्याशी पटलं नाही. चौरस फुटांनी माल मोजता येतो. खोली मोजता येत नाही. खोलीला कोपरे असतात, दार असतं, खिडकी असते आणि स्वभाव असतो. मी घरी येऊन नातीची आलेखाची वही मागून घेतली.

बिल्डरच्या नकाशात आमची खोली दहा बाय बारा आहे. टेप लावला तेव्हा ती पावणेदहा बाय बारा भरली. ते तीन इंच कुठे गेले हा विषय वसई-विरारमध्ये कुणी काढत नाही, कारण प्रत्येकाचेच कुठे ना कुठे गेलेले असतात. पावणेदहा फूट म्हणजे २९७२ मिलिमीटर. दोन्ही भिंतींशी दहा-दहा मोकळे सोडायचे, उरले २९५२. १९५ च्या पंधरा पट्ट्या बसल्या की शेवटी शिल्लक राहतात २७ मिलिमीटर. जेमतेम इंच. म्हणजे एका भिंतीपासून मोठ्या दिमाखात सुरुवात करून समोरच्या भिंतीपाशी बारा फूट लांब आणि इंचभर रुंद अशी एक कापटी लावायची, जी कापताना तुटते, बसवताना निसटते आणि बसल्यावर जन्मभर डोळ्यात खुपते.

यावर रीत ठरलेली आहे. शेवटची ओळ दोन इंचांहून अरुंद निघत असेल, तर पहिली ओळच कापून सुरू करायची. १९५ आणि २७ एकत्र करा, २२२. निम्मे १११. पहिली ओळ १११ ची, मध्ये चौदा अखंड, शेवटची पुन्हा १११. दोन्ही भिंतींना सारखा न्याय. हे गणित सुटलं तेव्हा मला झालेला आनंद वयाला शोभणारा नव्हता.

आता लांबी. बारा फुटांतून कडेचे वीस मिलिमीटर वजा केले की ३६३८ राहतात. तीन अखंड पट्ट्या लावल्या तर ३६४५. फक्त सात मिलिमीटर जास्त. सामान्य माणूस इथे देवाचे आभार मानेल: ओळीत तीन पट्ट्या, शेवटची जराशी तासायची, झालं. पण असं केलं तर प्रत्येक ओळीचे सांधे शेजारच्या ओळीच्या सांध्यांसमोर येतात, आणि खोलीत आडव्या रेघा उमटतात. लागोपाठच्या ओळींतले सांधे निदान फूटभर तरी हटलेले हवेत. म्हणून दुसरी ओळ ४०५ मिलिमीटरच्या तुकड्याने सुरू करायची, मग दोन अखंड, शेवटी ८०३ चा तुकडा. तिसरी ८१० ने सुरू, शेवटी ३९८. गंमत अशी, की ४०५ आणि ८०३ एकाच पट्टीतून निघतात, तसेच ८१० आणि ३९८ ही. पट्टीचा उजवा तुकडा ओळीच्या सुरुवातीला, डावा शेवटी. म्हणजे कशीही लावा, ओळीला पट्ट्या तीनच. सोळा ओळी, अठ्ठेचाळीस पट्ट्या, बरोबर सहा बॉक्स. वाया फारसं काही नाही.

दुकानदाराला मी अभिमानाने सहा सांगितले. तो म्हणाला, "सात घ्या." मी वही उघडून दाखवली. त्याने ती आदराने पाहिली आणि म्हणाला, "काका, हिशेब एकदम करेक्ट आहे. पण करवत चालवणारा माणूस आहे ना?" सात बॉक्स आले.

सांधे हटवायचा हा नियम मला पाठ्यपुस्तकी वाटत होता, तोवर पाचूबंदरला किनाऱ्यावर ओढून ठेवलेली एक लाकडी होडी नीट पाहिली नव्हती. फळीला फळी लावत तिचं अंग भरलेलं असतं आणि शेजारच्या फळ्यांचे सांधे कधी एका रेषेत येत नाहीत. फटीत कापूस ठोकलेला, वर राळ. आपली आगाशी सोळाव्या शतकात जहाजं बांधण्यासाठी आणि लाकडाच्या व्यापारासाठी नावाजलेली होती, इतकी की पोर्तुगीजांनी वसई घेण्याआधीच तिच्यावर धाड घातली. त्या सुतारांकडे आलेखाची वही नसेल, पण सांधा कुठे पाडायचा याचं उत्तर त्यांना लाटा देत होत्या. होडीत हा नियम मोडला तर समुद्र आत येतो. घरात मोडला तर मेहुणे आत येतात आणि उकिडवे बसून नेमकं तिथेच बोट ठेवतात.

घरच्या मंडळींचा मात्र आक्षेप वेगळाच निघाला. ०, ४०५, ८१०, पुन्हा ०, असं लावत गेलं की सांध्यांच्या पायऱ्या तयार होतात आणि जमिनीवर तिरका जिना दिसतो. वहीतला जिना नातीने शोधला, म्हणून त्यावर वाद घालता आला नाही. मग काही ओळी सहाशेने सुरू केल्या, काही तीनशेने, आणि मुद्दाम केलेला गोंधळ नैसर्गिक दिसावा यासाठी एक अख्खी संध्याकाळ खर्ची पडली. सौभाग्यवतींना मधूनच तिरक्या, एकमेकींना टेकलेल्या पट्ट्यांची नक्षी हवीशी वाटू लागली, माशाच्या काट्याची म्हणतात ती. शेजारच्या काकांनी "कुठल्या माशाच्या?" असं विचारलं, कारण वसईत हा प्रश्न टाळता येत नाही. त्या नक्षीत कापटे इतके निघतात, की सात बॉक्सही पुरले नसते. हे कळल्यावर मासा मागे घेण्यात आला.

पट्ट्यांची दिशा हा घरोघरी भांडणाचा विषय असतो, आमच्याकडे तो निघालाच नाही. पट्ट्या उजेडाच्या दिशेने टाकाव्यात, म्हणजे सांध्यांची सावली पडत नाही; आणि शक्य तर खोलीच्या लांबीने. आमची खिडकी आखूड भिंतीत आहे, त्यामुळे उजेड आणि लांबी एकाच बाजूला धावतात. बिल्डरच्या हातून घडलेलं हे एक सत्कृत्य मी इथे नोंदवून ठेवतो.

भिंतीशी दहा मिलिमीटरची फट का सोडायची, हे मात्र कुणाला पटवता येईना. "एवढं मोजून करायचं आणि कडेला फट ठेवायची?" काकांनीच ते सोडवलं. त्यांची उभी नोकरी विरार-चर्चगेट अशी गेली. ते म्हणाले, "वहिनी, तिघांच्या बाकावर चौथी सीट असते बघा. नालासोपाऱ्याला तिघंच बसलेली असतात, ऐसपैस. वसईला चौथा टेकतो. त्याला टेकायला जागा नसेल तर मधला उभा राहतो की नाही?" पट्ट्यांचं तेच. पावसाळ्यात वसईची हवा ओली, वरून खाडी आणि समुद्र. खरं लाकूड रुंदीला फुगतं, लांबीला जवळपास नाही. दाबलेल्या तंतूंचा गाभा दोन्हीकडे हात-पाय पसरतो. कडेला जागा नसेल तर खोलीच्या मध्ये जमीन उचलली जाते. फट स्कर्टिंगखाली झाकली जाते, कुणाला दिसत नाही, पण ती असावी लागते.

आपल्याकडे हे ज्ञान दारांमुळे सगळ्यांना असतं. गणपतीत न्हाणीघराचं दार अडकायला लागतं, आपण मिस्त्रीला बोलावून रंधा मारून घेतो, आणि दिवाळीत त्याच दाराला बोटभर फट पडते. म्हणून आमच्या मिस्त्रीने कामाची वेळ ठरवताना पंचांग काढलं नाही, हवा पाहिली. मे महिन्यात टाकलं तर जुलैत फुगेल, जुलैत टाकलं तर डिसेंबरात आक्रसेल. "दसरा होऊ द्या," तो म्हणाला. बॉक्स आले ते आधी दोन दिवस खोलीत नुसते आडवे पडून राहिले, हवा अंगी लागावी म्हणून. तेवढे दिवस आम्ही हॉलमध्ये झोपलो. पाहुण्यांसाठी माणसं हॉलमध्ये झोपतात हे पाहिलं होतं, पट्ट्यांसाठी प्रथमच.

मिस्त्री नालासोपाऱ्याचा, मूळ कोकणातला, बोलायला कमी. त्याने वही बाजूला ठेवली आणि खिशातून टेप काढला. एका भिंतीवर तीन फुटांवर खूण, दुसऱ्या भिंतीवर चार फुटांवर, आणि दोन खुणांमध्ये तिरका टेप. पाच फूट भरले तर कोपरा काटकोनात. यज्ञाची वेदी आखणारे शुल्बसूत्रकारही दोरी ताणून असाच काटकोन काढत. त्यांची वेदी चुकली तर देव कोपायचे, आपला कोपरा चुकला तर फक्त कपाट हलतं. टेप पाचाला जेमतेम सूतभर कमी भरला. इंचाचे आठ सूत. म्हणजे फार काही नाही. पण त्या जेमतेम सुताचं बारा फुटांवर चार सूत होतं. खिडकीपाशी पावणेदहा असलेली खोली दारापाशी अर्ध्या इंचाने रुंद निघाली. माझी १११ ची शेवटची ओळ एका टोकाला १११ आणि दुसऱ्या टोकाला १२४ होणार होती.

मिस्त्रीला याचं काही वाटलं नाही. त्याने पेन्सिल कानावर ठेवली आणि अगदी रोजच्या आवाजात विचारलं, "साहेब, वाकडं कुठे ठेवायचं?"

काढून टाकायचं का, असं त्याने विचारलं नाही. काढता येत नाहीच. भिंत पाडून बांधणार नसाल तर वाकडेपणा खोलीत राहणार, त्याची राहायची जागा तेवढी आपण ठरवायची. मग खोलीकडे त्या नजरेने पाहणं सुरू झालं. दारातून शिरताना डाव्या भिंतीवर नजर आधी पडते, तेव्हा ती बाजू सरळ हवी. उजव्या भिंतीशी कपाट आहे, सात फुटी, जड, लग्नातलं. त्याच्या खाली कितीही वाकडं असलं तरी कुणी आडवं पडून बघणार नाही. दारामागे तर प्रत्येक घरात एक स्वतंत्र राज्य असतंच: इस्त्रीचं टेबल, मोडकी छत्री, केरसुणी, उघडायची राहून गेलेली भेटवस्तू. तिथे आणखी अर्धा इंच वाकडं सहज सामावतं. मिस्त्रीने डावीकडून सुरुवात धरली, नीळ लावलेली दोरी ताणून फटकन रेघ मारली आणि कामाला लागला.

माझं काम त्यानंतर एकच उरलं, जुळी शोधणं. लॅमिनेटवर लाकडाचं चित्र असतं आणि चित्रं मोजकीच असतात. एका पट्टीवर गाठ दिसली की तीच गाठ, त्याच जागी, तोच केसासारखा तडा घेऊन आणखी कुठल्यातरी पट्टीवर हजर असते. दोन जुळ्या शेजारी आल्या तर सगळं बिंग फुटतं. म्हणून तीन-चार बॉक्स एकदम फोडायचे आणि पट्ट्या पिसून द्यायच्या. मी जमिनीवर पट्ट्या मांडून बसलो होतो तेव्हा कामवाल्या मावशी आल्या. त्यांना समजावलं, की आता या खोलीत बादली आणायची नाही, फडकं घट्ट पिळून नुसतं फिरवायचं. त्यांनी थोडा विचार केला. "पाणी नाही टाकायचं तर पुसलं हे कळणार कसं?" माझ्या वहीत याचं उत्तर नव्हतं.

जमीन छान झाली. दार खालून सेंटीमीटरभर तासावं लागलं, तेवढंच. एक पट्टी करवतीखाली फाटली आणि सातव्या बॉक्समधून दुसरी घेतली, तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होतो. पलंग आत गेला. मग कपाट न्यायची वेळ आली आणि खोलीभर नजर फिरवून सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, एवढी सुंदर जमीन कपाटाखाली कशाला झाकायची? कपाट राहू दे पॅसेजमध्ये."

तेव्हापासून उजव्या भिंतीशी ती शेवटची ओळ, १११ पासून १२४ पर्यंत पसरत गेलेली, भर उजेडात आहे. मला ती रोज दिसते. मेहुणे दोनदा येऊन गेले, उकिडवेही बसले, पण त्यांना फक्त किंमत विचारायची होती. बाकी पाहुणे खोलीत येतात, चपला बाहेर राहिल्याची खात्री करतात, वर बघतात आणि पंखा नवीन घेतलात का म्हणून विचारतात. पंखा जुनाच आहे.